नेल्डाचं काडतूस

भाऊ वेल्डन गेल्याला अकरा महिने झाले होते, आणि होलिस टुलोसला त्याचा आवाज अजून ऐकू यायचा. रोज नाही. पामेटोच्या, म्हणजे बुटक्या रानटी ताडांच्या, जाळीत काही सळसळलं, की हमखास. मागे उभं राहून कुणीतरी शांतपणे विचारायचं, "कुठं लागली रे?" होलिस वळून बघायचा नाही. मागे कुणी नसतं हे त्याला माहीत होतं, तरी मान वळत नसे.

ऑक्टोबरात वेल्डनची बायको नेल्डा त्याच्या दारात आली. रानडुकरांनी तिचं रताळ्याचं वावर उकरून टाकलं होतं, आता ती डुकरं पार अंगणापर्यंत येत होती. शिवाय थंडीसाठी फ्रीझरमध्ये एखादं हरीण हवं होतं.

"एकच रायफल घेणार आहे, दोन्हीला चालेल अशी," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर. तुझ्याइतकं मला कळत नाही."

नाही म्हणायला होलिसला कारण सापडलं नाही.

दुकान अर्लीनबाईंचं. सत्तरीच्या बाई, चष्मा दोरीला लटकवलेला. त्यांनी काउंटरवर तीन काडतुसं उभी केली. पहिलं सडपातळ, दुसरं मध्यम, तिसरं अंगठ्याएवढं जाड.

"किती लांबून मारणार?" त्यांनी विचारलं.

"वावराच्या कडेपासून. ऐंशी पावलं, फार तर शंभर."

"मग हे जाड बघ, पंचेचाळीस-सत्तर. जुनं काडतूस, पण दाट रानात याच्यासारखं नाही. गोळी जड, चाल संथ. दोनशे पावलांवर नेमाच्या पार खाली बसते, पण तेवढं लांब तुला कुठं जायचंय? बहुतेक वेळा आरपार जाते, रक्त दोन्हीकडून सांडतं, माग काढायला बरं. हरणाला तीनशे ग्रेन वजनाची घे, डुकराला चारशे पाचची. दणका मात्र आहे हं, खांदा दुखेल."

"दुखू दे," नेल्डा म्हणाली. तिनं सडपातळ काडतूस उचलून होलिसपुढे धरलं. "तुझं हेच होतं ना? त्या दिवशीचं?"

"दोनशे त्रेचाळीस नंबरचं," होलिस म्हणाला. "हो."

"सगळे तेच म्हणतात," अर्लीनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "एवढ्याशा गोळीनं एवढं डुक्कर कसं थांबायचं? तुझा काही दोष नव्हता, होलिस."

त्याने मान हलवली. अकरा महिने तो अशीच मान हलवत आला होता. दफनाच्या दिवशी, चर्चमध्ये, आईसमोर. गोळी लहान होती, बिचाऱ्याचं नशीब.

नेल्डाने जाड काडतूस तळहातावर तोललं. "याने कुठंही लागलं तरी खाली पडेल ना?"

अर्लीनबाई तोंड उघडणार, तेवढ्यात फोन वाजला आणि त्या आत गेल्या. होलिस काचेच्या कपाटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हेच घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वावरात त्यांनी पुठ्ठ्याचं निशाण लावलं. पहिल्या बाराला नेल्डा दोन पावलं मागे सरकली आणि खांदा चोळत हसली. वेल्डन गेल्यापासून होलिसने तिला हसताना पाहिलं नव्हतं. पाचव्या गोळीपर्यंत तिचा हात बसला.

"आता येऊ देत," ती म्हणाली. "एक घालीन, आणि मागोमाग जाळीत शिरून दुसरी घालीन. याच्यापुढे काय टिकतंय?"

पलीकडे जाळी होती. वारा नव्हता, पण एक पान हललं. होलिसच्या मानेवर काटा आला.

"नेल्डा, रायफल खाली ठेव."

"का?"

"ठेव ना."

तिने ठेवली.

"गोळी लहान नव्हती," तो म्हणाला. "त्या काडतुसानं मी चाळीस डुकरं पाडली असतील. त्या दिवशी मी घाई केली. मागे लागली, पोटात. मला दिसलं होतं. वेल्डननं विचारलं, कुठं लागली? मी म्हणालो, खांद्यामागे, मस्त बसली. आदल्या दिवशी माझा नेम चुकला होता, म्हणून जेवताना त्यानं सगळ्यांसमोर माझी टर उडवली होती. परत ऐकून घ्यायचं नव्हतं. मेलेलं डुक्कर आणायला जावं तसा तो आत शिरला. रायफल खांद्यालाच होती, आणि डुक्कर जिवंत होतं."

नेल्डाने खाली ठेवलेली रायफल उचलली.

"पोटात लागली की काय करायचं असतं?"

"थांबायचं. चार-पाच तास. जाळीच्या बाहेर."

"म्हणजे फक्त थांबायचं होतं."

"हो."

तिने रायफल रिकामी केली, काडतुसं एक-एक करून खिशात टाकली आणि घरात गेली. दाराला आतून कडी लावल्याचा आवाज होलिसला ऐकू आला.

तीन आठवडे तिने फोन उचलला नाही. अर्लीनबाईंना खरं सांगायचं म्हणून तो दुकानापर्यंत जाऊन परत फिरायचा. घरात असला तरी आता सळसळ ऐकू यायची.

मग एका सकाळी साडेसातला तिचाच फोन आला. आवाज कोरडा.

"डुक्कर मारलंय. मोठं आहे. गोळी मागे, पोटात लागली, मी बघितलं. जाळीत गेलंय. मी ओसरीवर उभी आहे."

"आत जाऊ नकोस."

"म्हणून तर फोन केलाय."

तो गेला तेव्हा दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, मुद्दाम लांब-लांब. दोघं बसले. तिने कॉफी आणून दिली. दुपारचे बारा वाजले, साडेबारा झाले. मग दोघं उठले. दोघांच्याही रायफली हातात, तो डावीकडून, ती उजवीकडून. रक्त खरंच दोन्ही बाजूंनी सांडलं होतं. ऐंशी पावलांवर, चिखलाच्या खळग्यात डुक्कर मरून पडलं होतं, तोंड आल्या वाटेकडे. मागून येणाऱ्याची वाट बघत ते तसं वळून बसलं असावं. सुळे बोटभर लांब.

नेल्डाने वाकून सुळ्यांकडे पाहिलं.

"एवढी जड गोळी," ती म्हणाली, "तरी इथवर आलं."

"कुठलीही असती तरी आलं असतं."

मागचे पाय धरून दोघांनी ते ओढत बाहेर काढलं. मागचं मांस खराब झालं होतं, खांदे चांगले निघाले. नळाखाली हात धुताना नेल्डाने विचारलं, "आईंना सांगितलंस?"

"नाही."

"त्या अजून त्या गोळीला शिव्या देतात."

"माहीत आहे."

"रविवारी चर्च सुटल्यावर सांग," ती म्हणाली. "मी शेजारी बसेन. तुझ्यासाठी नाही. त्यांच्यासाठी."

तिने त्याच्याकडे टॉवेल फेकला आणि सुऱ्यांना धार लावायला घेतली.