राक्षसाचं उत्तर

सुनेने पान उलटलं, पुढच्या दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पुस्तकात राक्षस चेटकिणीच्या झग्याची गाठ सोडत होता, आणि इथे समोर आरामखुर्चीत, काळा चष्मा लावून, सासूबाई कान टवकारून बसल्या होत्या.

सासूबाई म्हणजे गल्लीच्या लेखी 'कंपास'. जन्मभर भूमिती शिकवून निवृत्त झाल्या, पण अजूनही त्या समोरून आल्या की चांगले दोन-दोन पोरांचे बाप सायकलवरून उतरून उभे राहतात. सासरे गेले आणि घरातलं सासूबाईंचं बोलणं 'दार लाव' आणि 'दिवा मालव' एवढ्यावर आलं. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाचायला बंदी केली. परवा स्वयंपाकघरात एकटीच पुस्तक घेऊन खिदळणाऱ्या सुनेला त्यांनी हाक मारली, "एवढं काय आहे गं त्यात? मोठ्याने वाच."

होतं काय, तर एक चेटकीण आणि तिला खायला आलेला राक्षस. पहिल्या भागात तो खायचं सोडून तिचा भाडेकरू झाला होता, या दुसऱ्या भागात तिच्या प्रेमात पडला. तरी दोघांची तोंडं काही थांबत नव्हती. काल चेटकिणीने विचारलं, "इतके दिवस झाले, मला खाणार कधी?" त्यावर राक्षस म्हणाला, "खाल्लं असतं गं, पण मग भांडू कुणाशी?" आणि सासूबाई चक्क हसल्या. सून थक्कच झाली. तिला आता ते हसू काही केल्या घालवायचं नव्हतं. सासूसमोर ही गाठ सुटली, तर उघडलेलं तोंड पुन्हा मिटणार, याची तिला खात्री होती.

"थांबलीस का?"

"पान चिकटलंय, आई."

तिने अर्धं पान सरळ गाळलं आणि मनानेच ठोकून दिलं, "राक्षस म्हणाला, 'आधी जेवायचं बघ. रिकाम्या पोटी मला प्रेम सुचत नाही, आणि भरल्या पोटी झोप येते.'"

सासूबाई ताठ झाल्या.

"हे पुस्तकात नाही."

"आहे की."

"नाही. तिथे गाठ सुटत नाही. मग चेटकीण म्हणते, 'पाचशे वर्षांचा घोडा झालास, आणि एक गाठ सुटेना?'"

सुनेने पुस्तकात पाहिलं. शब्दन् शब्द तोच.

"तुम्ही आधीच वाचलंय हे?"

"लिहिलंय."

सुनेला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी घोळ झाला. तिने मुखपृष्ठ पाहिलं, त्यावरचं भलतंच नाव पाहिलं, मग उत्तराखाली रेघ मारली नाही म्हणून मुलांचे गुण कापणाऱ्या सासूबाईंकडे पाहिलं. काल आपण यांनाच सांगितलं होतं की लेखिका कुणीतरी चावट पोरगी असणार, हे आठवल्यावर तर तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"घरात कुणाला माहीत आहे?"

"ह्यांना होतं."

"आणि तुमच्या मुलाला?"

"त्याला वाटतं मी शब्दकोडी सोडवते. वाटू दे."

सून हसणार होती, पण सासूबाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे लाल होते, आणि ते ऑपरेशनमुळे नव्हे हे तिला दिसलं.

"ते जेवणाचं वाक्य कुठून आणलंस? ह्यांच्या तोंडून ऐकलं होतंस का कधी?"

"नाही हो. चुकलं माझं. ते सगळं मला तुमच्यासमोर वाचवेना, म्हणून आपलं तोंडाला येईल ते."

सासूबाईंनी काढलेला चष्मा मांडीवर ठेवला.

"चेटकीण माझी," त्या म्हणाल्या. "राक्षस ह्यांचा. मी इथून चेटकिणीचं वाक्य टाकायचे, आणि हे आत स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता उत्तर द्यायचे. मी नुसतं उतरवून घ्यायचे. ह्यांना कधी विचार करावा लागला नाही. तुझं ते वाक्य आलं आणि मला वाटलं, आतून हेच बोलले."

सुनेने हळूच विचारलं.

"मग तिसरा भाग?"

"चेटकीण बोलते. समोरून उत्तर येत नाही. वाट बघून बघून थकले मी. संध्याकाळी प्रकाशकांना फोन करणार आहे, मालिका संपली म्हणून."

"संपली कशी? त्या दोघांचं काय मग?"

"काय व्हायचंय? राहतील आहेत तिथे."

सुनेला हे मुळीच पटलं नाही. ती पुस्तक छातीशी धरून बसली. सासूबाईंनी मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली. आवाज थोडा वर नेला. तो शाळेतला आवाज नव्हता, सुनेने तो या घरात कधीच ऐकला नव्हता.

"काय रे, आज घर इतकं शांत का?"

हा प्रश्न आपल्याला नाही, राक्षसाला आहे, हे कळायला सुनेला क्षणभर लागलं. मग तिने भीतभीतच तोंड उघडलं.

"तू बोलायची थांबलीस म्हणून."

सासूबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, पदराने नाक पुसलं आणि घसा साफ केला.

"राक्षस इतकं गोड बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा."