मला थंडगार वाजवलं!

मी एक जुनी हलगी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी भयंकर चिडलेली आहे. हसू नका!

नाशिक जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. मला वाजवणाऱ्या बहिरूआजाच्या वडिलांनी लोखंडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून मला घडवलं. काय दिवस होते ते! लग्न असो, जत्रा असो, माझ्याशिवाय पान हलत नसे. सभा असली की आजा गल्लोगल्ली दवंडी द्यायचा. पण त्याआधी काडीकचरा पेटवून मला शेकायचा. शेकलं की माझं कातडं ताठ होतं आणि आवाज पार डोंगरावरच्या पठारावर जातो. थंड हलगी नुसती भदभद करते. पुढे मोबाइल आले आणि मी खुंटीवर गेले. पालींनी माझ्या पाठीमागे संसार थाटला. तेही मी सोसलं.

या हिवाळ्यात मला खाली काढलं, तेव्हा मी केवढी हरखले! गावच्या पठारावर पवनचक्क्या उभारायच्या होत्या. त्याला ग्रामसभेची मंजुरी हवी, आणि सभेआधी दवंडी. आजा काड्या गोळा करू लागला, तर सरपंच झुंबरआप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते शेकणं. दोनदा बडव आन मोकळा हो."

भरदुपारी, अख्खं गाव कांदे लावायला गेलेलं असताना, ओस पारावर मला थंडगार वाजवलं. समोरच्या कुत्र्याने कानसुद्धा टवकारला नाही! मग सभा झाली, आप्पांच्याच माणसांनी माना डोलावल्या, झाली मंजुरी!

महिनाभराने पठारावर खुणेचे खुंट ठोकले. नेमके झऱ्याभोवती, जिथे भिमाबाईच्या शेळ्या पाणी पितात. त्या शेळ्यांवरच तिचं घर चालतं. ती तडक पारावर बसलेल्या आप्पांकडे आली. पार आमच्या दारासमोरच, खुंटीवरून मला सगळं ऐकू येत होतं.

"आप्पा, मला इचारलं का?"

"दवंडी दिली व्हती की, मावशी! तुमाला ऐकू येत नाय, त्याला मी काय करू?"

"माझ्या कानात कापूस व्हता का? पठारावर शेळी वरडली तरी मला घरात कळतंय!"

लोक खो खो हसले. आजाची नात सृष्टी मात्र हसली नाही. नववीतली पोर ती! तिने मला खुंटीवरून ओढलं.

"आजा, ही शेकली व्हती का?"

आजा खाली बघत राहिला. "आप्पा म्हणले, नको शेकू."

सृष्टी मला घेऊन थेट पारावर! आप्पांच्या पुढ्यातच तिने पाचोळा पेटवला.

"अगं पोरी, मंजुरी झाली. आता काय वाजवती?"

"आप्पा, तुमी नुसते हात शेका. हलगी मी शेकते."

मित्रांनो, मग मी जी कडाडले! खुरपी हातात घेऊन बायका शेतातून धावत आल्या आणि पाराभोवती बसल्या त्या बसल्याच. शेवटी नव्या सभेची तारीख आप्पांना स्वतःच्या तोंडाने सांगावी लागली.

माझं भांडण वाऱ्याशी नाही, विजेशीही नाही. पवनचक्की झऱ्यापासून लांब सरकवायची की नकोच म्हणायचं, ते गाव ठरवील. पण गावाला विचारायचंच नाही आणि विचारल्याचं नाटक माझ्याकडून करून घ्यायचं? मी का खोटं बोलायचं?

म्हणून सांगते, काचेच्या कपाटात ठेवून माझी काळजी घेऊ नका. तुमच्या गावात दवंडी झाली म्हणतात आणि ती कुणालाच ऐकू आली नाही, तर गप्प बसू नका. विचारा, हलगी शेकली होती का?

परवा सभा आहे. या वेळी सृष्टीने मला खुंटीवर टांगलेलं नाही, चुलीशेजारी ठेवलंय.

मी तापतेय.