कडेची खळबळ

सृष्टीने जय भीम म्हटलं, पण पाऊल उंबऱ्यातच अडलं. नाशिकरोडच्या याच कॉलनीत ती लहानाची मोठी झाली होती. योगेश गेल्यापासून मात्र सहा महिने तिने हे घर टाळलं होतं. त्याच्या आईने, मालनबाईंनी, तिला हाताला धरून आत बसवलं.

ती आणि योगेश परराज्यात एकाच प्रयोगशाळेत होते. तिथे पोलादी कड्याच्या पोकळीत कोट्यवधी अंशांपर्यंत तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांच्या जोरावर भिंतीला लागू न देता धरून ठेवायचा. आत वायू किती सोडायचा, म्हणजे घनता किती ठेवायची, हे सृष्टीच्या हाती. योगेश प्लाझ्माच्या कडेची खळबळ मोजायचा आणि ती नोंद आवाजात बदलून, संथ करून हेडफोनवर ऐकायचा. त्या दुपारी त्याने तिला बजावलं होतं, की कडा फार खवळली आहे, पुढच्या प्रयोगात घनता वाढवू नकोस. तिने वाढवली. घनतेचा विक्रम मोडायला थोडंच बाकी होतं. कडा थंड पडली, पापणी लवायच्या आत प्लाझ्मा कोसळला आणि आतली भिंत जागोजागी वितळली. चौकशीत ठपका योगेशवर आला, त्याने इशारा दिलाच नाही म्हणून. इशारा तोंडीच होता, आणि सृष्टी गप्प राहिली. तो नोकरी सोडून घरी आला आणि ऐन थंडीत हृदयविकाराने गेला.

तेव्हापासून योगेशच्या हेडफोनमधला तो आवाज तिच्या मागे लागला होता. पिठाच्या गिरणीपाशी, नळाला पाणी येण्याआधी. घरघर चढत जायची आणि एकदम तुटायची. तुटल्यानंतरची शांतता तिला सोसवत नसे.

हे सगळं तिने मालनबाईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्यानं सांगितलं होतं. सृष्टी येईल, म्हणायचा. दार वाजलं की आधी तोच उठायचा."

सृष्टीला रडूही आलं नाही. तिथेच बसून तिने संचालकांना मेल लिहिला: इशारा मला तोंडी मिळाला होता, मी तो मानला नाही. मालनबाईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि योगेशचं नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण घालायला लावलं.

दोन महिन्यांनी अहवाल दुरुस्त झाला. सृष्टीला यंत्रावरून काढलं. आवाज मात्र गेला नाही. नव्या अहवालाची प्रत घेऊन ती आली, तेव्हा मालनबाईंनी ती न वाचताच कपाटात ठेवली आणि तिच्यापुढे ताट वाढलं. सृष्टी जेवली.