वाळूला हात लावायचा नाही

वत्सलाबाईंनी पडवीतल्या काचेच्या पेटीवरची राख ओल्या फडक्यानं पुसली आणि वाळूवर पडलेला खोबऱ्याचा तुकडा उचलायला हात आत घातला, तोच मागून आवाज आला.

"हात काढ!"

नाथाभाऊ खुर्चीतून अर्धे उठले होते. डाव्या हातानं खुर्ची धरलेली, उजवा नेहमीसारखा लुळा. झटका आल्यापासून अडीच महिन्यांत त्यांचा एवढा ठणठणीत आवाज वत्सलाबाईंनी ऐकला नव्हता.

"अहो, कुजंल ते खोबरं."

"कुजू दे. पोरगी काय म्हणली? वाळूला हात लावायचा नाय."

वत्सलाबाईंनी हात काढून घेतला. खरं तर त्यांना बरंच वाटलं. माणूस कशावर तरी ओरडला, म्हणजे माणसात आला.

पेटीत एक खेकडा होता. रत्नागिरीला कॉलेजात शिकणाऱ्या भाग्यश्रीनं तो दिवाळीत आणला होता, बाबांचं मन रमावं म्हणून. शंख पाठीवर घेऊन दिवसभर खुडखुड करत फिरायचा. त्याचं नावच पडलं पाहुणा. एक दिवस पाहुणा वाळू उकरून खाली गेला तो वर येईना, तेव्हा वत्सलाबाईंनी घाबरून फोन लावला.

"आई, कात टाकायला गेलाय तो," भाग्यश्री म्हणाली. "महिना लागेल, दोनही लागतील. कात टाकली की अंग अगदी मऊ असतं. तेव्हा कुणी उकरलं तर तो जगत नाही. वाळू ओलसर ठेवा, वर फडकं टाका. बाकी काही करू नका."

"आणि खायचं काय त्यानं?"

"स्वतःची कातच खातो."

"अगं बाई! आणि आतल्या आत मेला तर?"

"मेला तर वास येईल."

तेव्हापासून रोज सकाळी फडकं उचलून वत्सलाबाई पेटीशी नाक नेत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत सकाळी धुण्यावर, तुळशीवर, सगळ्यावर राखेचा थर असायचा, आणि वास आलाच तर त्या राखेचा यायचा. बाकी काही नाही. मग त्या आत जाऊन भाकरी थापायला बसत.

मधेच गोळी. सकाळ-संध्याकाळ एक, गुलाबी. "ही एक दिवससुद्धा चुकवायची नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. "दुसरा झटका आला तर माझ्याही हातात काही राहणार नाही." वत्सलाबाई गोळी नवऱ्याच्या डाव्या तळव्यावर ठेवत, पाण्याचा पेला शेजारी ठेवत आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत शेगडीशी पळत. परत येत तेव्हा पेला रिकामा असे.

पेटीपाशी खुर्ची ओढून नाथाभाऊ दिवसभर राखणीला बसल्यासारखे बसत. पूर्वी पायजम्याची नाडी बांधून घेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तेही थांबलं. उलट त्यांना शिकवण्याचा नादच लागला. फ्यूज कसा बांधायचा, टाकीचा व्हॉल्व्ह कुठं, गॅससाठी फोन कुणाला.

"मला कशाला हे?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"बघून ठेव."

त्यांनी बघून ठेवलं. शेजारच्या आबिदाभाभींना कौतुकानं सांगितलंही, की पाहुण्यानं आमच्या माणसाला उभं केलं.

तपासणीच्या दिवशी मात्र डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. रक्तदाब उतरायच्या ऐवजी चढला होता.

"गोळ्या घेताय ना?"

"घेतो की," नाथाभाऊ म्हणाले.

"मी स्वतः देते, डॉक्टर. एक चुकली नाय," वत्सलाबाईंनी छातीठोक सांगितलं. डॉक्टरांनी एकाच्या जागी दोन गोळ्या लिहून दिल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी नाथाभाऊ डोकं जड झालं म्हणून आत पडले होते. वाळूवर पाणी शिंपडायला वत्सलाबाईंनी फडकं उचललं, तर कोपऱ्यातली वाळू हलत होती. आधी एक पाय वर आला, नवाकोरा, तांबूस. मग नांगी. वत्सलाबाईंनी आनंदानं हाक मारायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या.

पाहुणा वाळू रेटत वर येत होता, आणि वाळूबरोबर गोळ्या वर येत होत्या. काहींचा ओलीनं चुन्यासारखा लगदा झाला होता. काही अर्ध्या विरघळल्या होत्या. दोन मात्र धड होत्या, कालपरवाच्या. खड्ड्यातली वाळू ठिकठिकाणी गुलाबी झाली होती. आपल्याच हातानं दिल्या, असं वत्सलाबाई डॉक्टरांना सांगून आल्या होत्या. पाहुणा पाण्याच्या बशीपाशी गेला आणि पाणी पिऊ लागला. तो पुरता वर आल्यावरच त्यांनी वाळूला हात लावला.

संध्याकाळी त्यांनी तव्यावर भाकरी टाकली, नवऱ्याच्या तळव्यावर दोन गोळ्या ठेवल्या, पेला ठेवला आणि पाट ओढून समोर बसल्या.

नाथाभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. वर फडकं नव्हतं. काठावरच्या डबीच्या झाकणात लगद्यासकट सगळं मांडून ठेवलेलं होतं.

"आला होय वर," ते म्हणाले.

"आला. जगला."

"मागं तू न्हाणीत रडत होतीस. मी ऐकलं."

"रडले असंल. कंबर दुखत होती माझी. तुम्ही नको झाला, असं म्हणले का मी?"

नाथाभाऊंनी आतल्या दाराकडे पाहिलं. आतून धूर यायला लागला.

"भाकरी करपतीये."

"करपू द्या. गिळा त्या."

त्यांनी वाद घातला नाही. हात तोंडाकडे न्यायला उचलला. निम्म्या वाटेवर बोटं आपोआप उघडली आणि दोन्ही गोळ्या फरशीवर पडल्या. नाथाभाऊ आपल्या डाव्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसे बघत राहिले.

"सकाळपासून व्हतंय असं," ते म्हणाले. शब्द जड निघाला.

वत्सलाबाईंनी ती बोटं आपल्या मुठीत घट्ट धरली.

"भाभी!" त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली. "आबिदाभाभी, रिक्षा बोलवा!"

आतून येणारा वास आता पडवीभर झाला होता.