डुगडुगणारी खुर्ची

मी एक जुनी, हातांची लाकडी खुर्ची आहे. माझा मागचा एक पाय नखाएवढा तोकडा आहे. सुताराच्या ते लक्षात आलं होतं, तरी त्याने मला खपवलं.

मित्रांनो, माझी अठ्ठावीस वर्षं मनाच्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. आपल्या मनाच्या तळाशी जे असतं ते प्राचीन कथांनी आधीच सांगून ठेवलंय, असं ते मानत. पेशंटचं दुःख ऐकून ते तशी कथा शोधत आणि तिच्यावरून अर्थ लावत. त्यांची बायको म्हणायची, नळ गळला तरी यांना महापुराची कथा आठवते. माझ्यावर बसणारे सगळेच हलत. आपलंच काहीतरी बिघडलंय असं वाटून कुणी बोलत नसे.

एकदा एक मुलगी वडिलांना घेऊन आली. ते घड्याळं दुरुस्त करत. बायको गेल्यापासून, तीन महिने, त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. जेवणही सुटत चाललं होतं. "आई गेली, आता बाबाही चाललेत," मुलगी म्हणाली.

पाच आठवडे घड्याळजी येऊन नुसते बसले. डॉक्टरांनी मेलेल्या बायकोला आणायला पाताळात उतरलेल्या आणि परतताना मागे वळून पाहिल्याने तिला कायमचं गमावलेल्या नवऱ्याची ग्रीक कथा काढली. वहीत लिहिलं, 'सतत मागेपुढे हलतात. मागे वळून पाहावं की नाही, हा झगडा.' त्यावर ते लिहीत असलेल्या पुस्तकाचं एक प्रकरणही सुरू केलं.

सहाव्या आठवड्यात कथा रंगात आली असताना घड्याळजी उठले. मला उलटी करून त्यांनी पाय न्याहाळले.

"डॉक्टर, खुर्ची डुगडुगते."

डॉक्टरांनी वही उघडून आपली ती नोंद पाहिली. मग त्यांनी वहीतलं तेच पान फाडून पुढे केलं. घड्याळजींनी त्याच्या घड्या घातल्या, मला सरळ केलं आणि ती घडी पायाखाली सारली. तिथेच गुडघ्यांवर बसून ते म्हणाले, "तिला डुगडुगणारं चालायचं नाही. आधी हे बघा, मग जेवा, म्हणायची."

मग ते तासभर बोलले. डॉक्टरांनी त्या तासात एकही कथा सांगितली नाही.

ते प्रकरण पुस्तकात आलं नाही. पण त्यानंतर रोज सकाळी डॉक्टर आधी स्वतः माझ्यावर बसून बघत.

आता डॉक्टर नाहीत. मी जिन्याखाली असते, अंगावर रद्दीचा ढीग. मला हलवताना त्यांच्या बायकोने ती घडी आठवणीने उचलली आणि पुन्हा पायाखाली ठेवली.

मित्रांनो, समोरचा चुळबुळत असेल तर त्याचा अर्थ जरूर लावा. त्याआधी एकदा त्याच्या खुर्चीवर बसून बघा.