पुढे गेलेल्याला दिसतं ते

नदीकाठच्या झाडांची पानं गळायला लागली की आमच्या रोइंग क्लबात माणसंही गळायला लागतात. उन्हाळाभर धक्क्यावर वल्हं खांद्याला लावून फोटो काढून घेणारे हे वीर पहिला गार वारा सुटला की कंबर धरतात. कोणाच्या गुडघ्यात कळ येते, कोणाची सासू नेमकी रविवारीच आजारी पडते. पानगळीत सगळ्या होड्या बाहेर काढून घासायच्या, स्क्रू कसायचे, धक्क्यावरची कुजकी पानं खरवडायची, असा दिवस असतो. त्या दिवशी कामाला वल्हवायला शिकवणारे मास्तर, मी आणि आमचे हे. दुपारी गरम सूप येतं म्हटल्यावर मात्र गुडघे बरे होतात, सासवाही उठून बसतात. खायला आधी, झोपायला मधी, कामाला कधी कधी.

थंडी पडली की क्लब आत शिरतो. हॉलमध्ये वल्हवण्याच्या मशिनी आहेत आणि त्यांच्यासमोर, ज्याने कोणी लावला त्याला नमस्कार, भिंतभर आरसा आहे. वकीलसाहेब दहा मिनिटं मशीन ओढतात, तीही आरशात स्वतःकडे बघत, आणि मग तासभर हीटरला पाठ लावून आपण नदीवर काय काय केलं असतं ते सांगतात. ऐकणारे मान डोलवतात, कारण पुढची पाळी त्यांची असते.

माझी लाँड्री आहे. क्लबाचे टॉवेल आणि बनियनं आमच्याकडे धुवायला येतात. एकदा गठ्ठा पोचवायला गेले होते, बायकांच्या होडीत एक कमी पडत होती, मास्तर म्हणाले, "येता का, नुसतं बसायचंय." बसले. ओल्या चादरी पिळून काढणाऱ्या बाईला वल्हं म्हणजे काय जड! त्यानंतर मी रीतसर सभासद झाले, वर्गणी भरली, पण क्लबातल्या मैत्रिणीमंडळाच्या लेखी मी गठ्ठेवालीच राहिले. सरावाला आले तरी कोणीतरी ओला टॉवेल माझ्या हातात कोंबतंच. आणि जागा? कोणी आलं नाही तर माझी. "अगं, आज तू बस ना, एक कमी आहे." इतकी वर्षं मी क्लबात कमी पडलेली एक भरून काढत होते.

या हिवाळ्यात मला ते नको होतं. मोठ्या शर्यतीला जाणाऱ्या चौघींपैकी तीन जागा ठरल्या होत्या. चौथी मला हवी होती, आणि मागून नको, जिंकून हवी होती. मी मास्तरांना तसं तोंडावर सांगितलं. ती जागा गेल्या वर्षी अध्यक्षांच्या बायकोकडे होती. तिला सगळे अध्यक्षीणबाई म्हणतात, तिच्यासमोर मॅडम. अध्यक्षीणबाई वल्हं पाण्यात घालते ती चहात बिस्किट बुडवावं तशी, फार भिजायला नको म्हणून. पण हॉलचे हीटर अध्यक्षांनी दिलेले आहेत, आणि ऊब देणाऱ्याशी कोण वाकडं घेतं?

मास्तर म्हणाले, "मग अदलाबदलीची शर्यत लावू." ही पद्धत सोपी आहे. चार-चार जणींच्या दोन होड्या शेजारी शेजारी सोडायच्या. एकदा शर्यत झाली की ज्या दोघींचा वाद आहे त्यांच्या होड्या बदलायच्या आणि पुन्हा शर्यत. दोघींपैकी एक जिच्यात बसेल तीच होडी दोन्ही वेळा पुढे आली, तर मग बोलायला जागा उरत नाही.

आमचे हे क्लबात कॉक्स आहेत. कॉक्स म्हणजे होडीच्या शेपटाशी बसून सुकाणू धरणारा आणि बाकीच्यांवर ओरडणारा. ह्यांचं चष्म्याचं दुकान, अंगाने काडी, आवाज मात्र अंगाबाहेरचा. होडी नेतात ती सुतासारखी सरळ, आणि त्याचा त्यांना गर्वही आहे. नदीत दगड आला तर दगडाने सरकावं अशी त्यांची अपेक्षा असते.

शर्यतीच्या सकाळी गाडीत हे म्हणाले, "अध्यक्षीणबाईच्या मैत्रिणी मुद्दाम ढिलं मारतील बघ. तू ज्या होडीत, त्या होडीत हात गळतील सगळ्यांचे."

"गळू देत," मी म्हटलं. "मी ओढीन."

"तिघींचं तू एकटी?"

"लाँड्रीत काय वेगळं चालतं?"

ते हसले नाहीत. काच पुसत राहिले.

पाण्यावर वाफ होती. काठावर अख्खा क्लब जमला होता, हातात कप, गळ्यात मफलर. तमाशा फुकट असला की यांना थंडी वाजत नाही. मास्तर सायकलवर, हातात भोंगा. पहिल्या शर्यतीत मी पिवळ्या होडीत होते, हे आमचे कॉक्स. अध्यक्षीणबाई निळीत. झालं ते ह्यांनी सांगितल्याप्रमाणेच. माझ्या पुढची बँकवाली बाई वल्हं असं फिरवत होती जसं पातेल्यात काही ढवळतेय आणि खाली लागणार नाही एवढीच काळजी आहे. तरी पिवळी अर्ध्या होडीने पुढे आली. काठावर टाळ्या नाहीत. कोणाच्या तरी कपात चमचा वाजला, तेवढंच.

मग अदलाबदल. मी निळीत गेले, अध्यक्षीणबाई पिवळीत, ह्यांच्या होडीत. जाता जाता तिने माझ्या दंडाला हात लावला. "बाई गं, काय दंड आहेत! आमच्या घरी कपडे धुवायला मशीन आहे म्हणून, नाहीतर..." तिच्या मैत्रिणी खिदळल्या. मी म्हटलं, "मॅडम, बसा, होडी हलतेय."

सुटलो. पिवळीतल्या मैत्रिणींच्या अंगात आता दहा हत्तींचं बळ आलं होतं. निळीतल्या तिघी हात राखून होत्या. मी कोणाकडे बघितलं नाही, पाय रोवले आणि ओढलं. ओढलं म्हणजे काय ते त्या काठावरच्या एकालाही कळणार नाही. पाठीत जाळ उठतो, तोंडात लोखंडाची चव येते आणि तरी हात ऐकतात. मैलाच्या खांबापाशी निळी पूर्ण एक होडी पुढे होती.

आता, वल्हवणारा पाठमोरा बसतो. जिकडे जायचं तिकडे पाठ, जिथून आलो तिकडे तोंड. त्यामुळे जो पुढे गेला त्यालाच मागचा दिसतो, मागच्याला पुढचा दिसत नाही. तोंड पुढे असतं ते फक्त कॉक्सचं. मी पुढे होते, म्हणून पिवळी होडी मला पूर्ण दिसत होती. आणि खांब गेल्यावर मी बघितलं, तिचं नाक डावीकडे गेलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. दोन्ही बाजूंची वल्ही बरोबर पडत होती. वाकडं चाललं होतं ते सुकाणूच.

आम्ही तीन होड्यांनी जिंकलो.

धक्क्याला लागल्या लागल्या अध्यक्षीणबाई ओरडली, "होडी वाकडी चालत होती!" काठावर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, कोणीतरी माझ्या बाजूने हसलं. वकीलसाहेब होते. "नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले, आणि दोन-चार जण फिस्सकन हसले. तेवढ्यात अध्यक्षांनी मान वळवली आणि सगळ्यांना एकदम आपापल्या कपात काहीतरी पडलेलं दिसलं. असे हे शूर.

गंमत अशी, की अंगण खरंच वाकडं होतं.

मास्तरांनी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "वारा होता. नाक धरेना." तोंडावरची रेघ हलली नाही. मास्तर सायकल टेकवून माझ्याकडे आले. "तुम्ही पुढे होतात. तुमचं तोंड त्यांच्याकडेच होतं. वारा होता का?"

हे माझ्याकडे बघत होते. नजर सांगत होती, म्हण हो. एक शब्द, आणि जागा माझी. मी पाण्याकडे बघितलं. वाफ जिथल्या तिथे उभी होती. त्या क्लबातल्या सगळ्या फुकट्यांसारखं फुकटात काही घ्यायचं, तर मग मी त्यांना इतकी वर्षं नावं कशाला ठेवली?

"वारा नव्हता," मी म्हटलं.

"मग?"

"ते ह्यांना विचारा. पण खांबापाशी मी एक होडी पुढे होते. तोवर पिवळी सरळ होती."

"बघा बघा!" अध्यक्षीणबाई म्हणाली. "नवरा-बायकोचं संगनमत!" माझं दुसरं वाक्य कोणीच ऐकलं नाही. मास्तरांनी ऐकलं, पण मास्तरांनाही हीटर लागतो. त्यांनी भोंगा उगाच इकडून तिकडे केला, शर्यत रद्द म्हणून सांगितलं, आणि निकाल नाही म्हटल्यावर जागा गेल्या वर्षीप्रमाणे. अध्यक्षीणबाईने सगळ्यांना मिठ्या मारल्या. एक मलाही मारायला आली, मी वाकून बूट घालत राहिले.

परत जाताना गाडीत हे म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं ना मी. आणि तूच मला सगळ्यांसमोर..."

"मी पुढे होते," मी म्हटलं. "तुमचं तोंड पुढेच होतं. तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं."

"मग?"

त्यांनी गियर बदलला. बदलायची गरज नव्हती. "खरं सांगू? टिकशील असं वाटलं नाही."

अध्यक्षीणबाई मला कमी लेखते, कारण तिला माझी माहिती नाही. बँकवाली, वकीलसाहेब, ती सगळी कपवाली जमात, त्यांच्याकडून मी कधी काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर थुंकणं सोपं होतं. हा माणूस वीस वर्षं माझ्याशेजारी झोपतो. मी एकटीने ओले गठ्ठे जिन्यावरून चढवताना त्याने रोज बघितलंय. मला राग येत नव्हता. मला त्याची किळस आली, आणि ती आली याचंच जास्त रडू आलं.

"गाडी थांबवा."

"इथे? कशाला?"

"चालत येते."

मी उतरले आणि नदीच्या बाजूने चालायला लागले. अंगावरचा घाम गार होत होता. ह्यांनी काच खाली केली आणि माझ्या बरोबरीने हळूहळू गाडी चालवत राहिले. मागची गाडी हॉर्न मारत होती.

"अगं, बस ना आत," ते म्हणाले. "घर लांब आहे. दमली असशील."

मी दमले नव्हते.