घरच्या माणसाचा नंबर

वल्लरीनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला, चष्मा लावला आणि आलेख वाचायला घेतला. गेल्या चौदा महिन्यांत चैतालीनं खेळलेल्या ऑनलाइन पोकरच्या डावांचा नफा-तोटा त्या एका वाकड्या रेघेत होता. रेघ हळूहळू वर चढत होती. मार्च ते मे मात्र काहीच नव्हतं.

"हे तीन महिने कुठे गेले?"

"तेव्हा खेळले नाही."

"बरं," वल्लरी म्हणाली. तिचा विश्वास बसला की नाही, ते कळलं नाही.

वाघोलीतल्या या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून वल्लरी सहा खेळाडूंवर पैसे लावायची. खेळायचं त्यांनी, भांडवल हिचं, नफा निम्मा निम्मा. चैतालीला सातवी व्हायचं होतं. कस्टमर सपोर्टमधली ऑफिसची नोकरी सोडून तिला दीड वर्ष झालं होतं. समोरचा चहा तिनं उचलून पिऊन टाकला. जीभ भाजली असावी. तिच्या लक्षात आलं नाही. हल्ली असंच व्हायचं. हरलं तरी काही वाटत नसे, जिंकलं तरी नाही.

"नवीन मुलं माझ्याकडे येताना जिंकलेले डाव घेऊन येतात," वल्लरी म्हणाली. "ते काय, मी पेपरात छापू? हरल्यावर माणूस काय करतो ते मला बघायचं असतं. लपवतो, मोठ्या टेबलावर जाऊन भरून काढायला बघतो, की लॅपटॉप मिटून झोपतो. पैसे मागायला जाताना आधी तोटा सांगावा. मग मी नाही तर दुसरं कुणीतरी देतं."

चैतालीनं मान हलवली.

"घरून कधी पैसे घेतलेस?"

"घेतले होते. परत केले."

वल्लरीनं अर्जाचं पान उलटलं. तळाशी घरच्या माणसाचा नंबर होता. तिनं तो लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. चैतालीनं सकाळी बाबांना एवढंच सांगितलं होतं, की नोकरीच्या ठिकाणाहून फोन येईल.

"नमस्कार. सुखदेव ओव्हाळ ना? चैताली माझ्याकडे कामासाठी आली आहे. काम पैशांचं आहे, म्हणून विचारते. तिनं तुमच्याकडून कधी पैसे घेतलेत?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला.

"घेतले होते," सुखदेव म्हणाले. "दोन लाख चाळीस हजार. ग्रॅच्युइटीतले."

"परत केले तिनं?"

चैताली फोनकडे बघत राहिली. बाबा एकतीस वर्षं पाणी खात्यात होते. पाच मिनिटं उशीर झाला तरी हजेरीपटावर उशिराचीच वेळ लिहिणारा माणूस.

"केले," सुखदेव म्हणाले. "सगळे. दिवाळीच्या आधीच." मग जरा थांबून, "पोरगी चोख आहे, मॅडम."

वल्लरीनं आभार मानून फोन ठेवला आणि करार पुढे सरकवला.

"वाचून सही कर. उद्यापासून पन्नास हजारांनी सुरुवात करू."

चैतालीनं पेन घेतलं, टोपण काढलं. मग टोपण पुन्हा लावलं.

"ते खोटं बोलले," ती म्हणाली. "मी एक रुपयाही परत केलेला नाही. मार्च ते मे त्यांचेच पैसे हरत होते. ते डाव मी फाइलमधून काढून टाकले."

बसचे थांबे सांगावेत तशा आवाजात तिनं हे सांगितलं. वल्लरीनं चष्मा काढला.

"मी विचारलं तेव्हा सांगितलं असतंस, तर कदाचित दिले असते."

"माहीत आहे."

"मग आता कशाला सांगितलंस?"

"माहीत नाही."

वल्लरीनं करार उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला.

धायरीला पोचायला दोन बस आणि दोन तास लागले. आई गेल्यापासून स्वयंपाकघर बाबांकडेच होतं. ते ओट्यापाशी उभे राहून चवळी भिजत घालत होते. तिनं चपला काढल्यावर ते म्हणाले,

"फोन आला होता."

"हं."

"एकदम पैशांचंच विचारलं त्यांनी." पातेल्यातल्या पाण्यात ते उगाच बोटं फिरवत राहिले. "मी बोललो ते बरोबर होतं ना? माझ्यामुळे काही बिघडलं नाही ना?"

ते तिच्याकडे बघत नव्हते. बाबांना नजर चुकवून बोलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. चहानं भाजलेली जीभ तिला आता कुठे चुरचुरली. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी जाणवलं होतं.

"नाही, बाबा. तुमच्यामुळेच काम झालं."

"मग ठीक." त्यांनी हात पुसले. "कधीपासून जायचंय?"

"उद्यापासून."

"डबा किती वाजता लागेल?"

चैतालीनं दाराची चौकट धरली. जुन्या ऑफिसची शिफ्ट साडेदहाला सुरू व्हायची. तिथला टीम लीडर अजून तोच असला, तर फोन उचलेल कदाचित, परत कामावर घेईलही.

"नऊला," ती म्हणाली.

सुखदेवांनी बरणीतून आणखी एक मूठ चवळी काढली आणि पातेल्यात टाकली.